काश्मीरला जाशील तेव्हा बागांमधलं पाणी बघ

प्रिय अन्या,

तू काश्मीरला चाललायस हे वाचून मस्त वाटलं, पण तुझ्या टूरवाल्याच्या प्लॅनमध्ये 'मुघल गार्डन्स, अर्धा दिवस' एवढंच दिसलं आणि मला राहवेना, म्हणून हे लांबलचक पत्र. अर्ध्या दिवसात निशात, शालीमार, चष्मेशाही सगळं उरकतं रे, लोक काश्मिरी ड्रेस घालून कारंज्यासमोर फोटो काढतात आणि गाडीत बसतात. तू प्लीज असं करू नकोस.

तिथे आधी बघायचं ते पाणी. फुलं नंतर. आज दिसणारी हिरवळ आणि रंगीत फुलांचे वाफे बरेचसे पुढच्या काळातले आहेत, मूळ बागेचा जीव पाणी, चिनार आणि फळझाडं यांच्यात होता. चारबागेची कल्पना मुघलांनी इराण आणि मध्य आशियाकडून आणली, म्हणजे पाण्याच्या पाटांनी चार भागांत वाटलेली बाग. बाबरानं आग्र्याला बाग केली तेव्हा जमीन सपाट, पाणी रहाटानं वर चढवावं लागायचं. इथे उलटं झालं, झबरवानच्या डोंगरातून झरे आणि ओढे आपोआप खाली येतात, समोर दल सरोवर आणि त्याचं पाणी पुढे झेलमला मिळतं. मग त्या लोकांनी काय केलं, तर चौकोनाचा हट्ट सोडला, मधला एकच पाट लांब ओढला आणि उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी बाग खाली उतरवली. मला यातलं सगळ्यात जास्त हेच आवडतं, की बादशहा असूनही दरीच्या उताराचं ऐकलं.

शालीमार जहांगीरनं 1619 मध्ये सुरू केली, ओढा अडवून पाणी वळवायचं काम त्यानं शहजादा खुर्रमकडे दिलं होतं, तोच पुढचा शाहजहान. वरचा भाग शाहजहानच्या काळात वाढला, तिथला काळ्या दगडाच्या खांबांचा मंडप चुकवू नकोस. दिवाण-ए-आममध्ये तर बादशहाचं काळं आसन थेट धबधब्यावर, म्हणजे पाणी इमारतीखालून वाहत जातं! आणि धबधब्यामागच्या भिंतीत छोटे छोटे कोनाडे आहेत, त्याला चिनीखाना म्हणतात, दिवसा तिथे फुलं आणि रात्री दिवे ठेवायचे, पाण्याच्या पडद्याआडून उजेड दिसावा म्हणून. कारंज्यांना पंप नव्हता, वरच्या पाण्याच्या उंचीचा जोर तेवढा पुरायचा.

आणि चादर नीट बघ. दोन पायऱ्यांच्या मधे तिरकी बसवलेली दगडी शिळा असते, तिच्यावर पाट्याला टाकी लावतात तशी खरवडलेली नक्षी, पाणी तिच्यावरून घसरताना फुटतं, पांढरं होतं आणि आवाज करतं. कोन आणि नक्षी दोन्ही मुद्दाम, साध्या गुळगुळीत दगडावर पाणी नुसतंच वाहून गेलं असतं.

निशात आसफ खानाची, म्हणजे नूरजहानच्या भावाची, 1633 ची. बारा टप्पे, बारा राशींवरून असं म्हणतात. अशी गोष्ट सांगतात की शाहजहानला ही बाग इतकी आवडली की आसफ खान देऊ करेना म्हणून त्यानं तिचं पाणीच तोडलं, बाग सुकली, मग एका नोकरानं मालकाचं दुःख न बघवून गुपचूप पाणी सोडलं, आणि बादशहानं शिक्षा करायच्या ऐवजी ते चालू राहू दिलं. खरंखोटं सोड, पण पाणी तोडलं की बाग मरते हे त्या काळी सगळ्यांना माहीत होतं.

एक गोष्ट मात्र मला सलते. या बागांमध्ये शिरायचं ते मूळात सरोवराच्या बाजूनं, नावेतून. शालीमारला तर सरोवरापासून पाण्याचा लांब पाट होता. आता मधून रस्ता गेलाय, निशातचा सगळ्यात खालचा टप्पा त्यातच तुटला, आणि आपण गाडीतून उतरून तिकीट काढून भलतीकडूनच सुरुवात केल्यासारखं होतं. म्हणून निशातला शिकाऱ्यानं, म्हणजे तिथल्या नावेनं जा, सरोवरातून डोंगराकडे बघ, बाग कशी वर चढते ते एकदम कळेल. आत गेलास की सरळ वरच्या टोकाला चढ आणि पाण्याबरोबर खाली ये.

जमलं तर एक दिवस काढून दक्षिणेला वेरीनागला जा. झेलमचा उगम मानतात तो झरा, जहांगीरनं त्याभोवती अष्टकोनी कुंड बांधून घेतलं, निळंशार पाणी, आणि तिथून सुरू झालेला पाट समोर बागेतून सरळ जातो. वाटेवर अच्छाबल पण आहे, तिथे झऱ्याचा जोरच वेगळा. 1627 मध्ये जहांगीर काश्मीरहून परतताना वाटेत वारला, आपल्याला वेरीनागलाच न्यावं अशी त्याची इच्छा होती असं म्हणतात.

ऑक्टोबरच्या शेवटी जाणार असशील तर चिनार लाल झालेले असतील, मग काश्मीर युनिव्हर्सिटीच्या आवारातली नसीम बाग पण यादीत टाक, तिथे नुसते चिनारच आहेत आणि टूरवाले सहसा नेत नाहीत. तारखा पक्क्या झाल्या की कळव, टूरवाल्याशी काय बोलायचं ते मी सांगतो, निशात आणि शालीमार वेगवेगळ्या दिवशी ठेवायला लाव.

तुझा,
मंदार