माजी सैनिकांच्या मदतीचा पहिला फोन घरी यावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माजी सैनिकांच्या प्रश्नांवर लिहिले जाते तेव्हा बहुतेक वेळा निवृत्तिवेतन, वैद्यकीय सुविधा आणि नोकरीतील राखीव जागा यांचाच विचार होतो. हे तिन्ही विषय महत्त्वाचे आहेत, त्याबद्दल वाद नाही. परंतु एका सैनिकाची पत्नी म्हणून मी जे पाहिले त्यावरून मला असे वाटते की योजना कमी पडतात त्यापेक्षा त्या माणसापर्यंत पोहोचण्याची रीतच चुकते. जवळपास प्रत्येक सेवा सैनिकाने स्वतः येऊन मागावी अशी अपेक्षा धरते, आणि मागणे ही एकच गोष्ट त्याला कधी शिकवलेली नसते.

माझे पती निवृत्त होऊन घरी आले तेव्हा पहिले काही आठवडे ते पाहुण्यासारखे वागले आणि त्यानंतर कमांडिंग ऑफिसरसारखे. त्यांच्या नोकरीच्या काळात बँक, मुलांच्या शाळा, आजारपणे, घराची दुरुस्ती हे सगळे मी एकटीने निभावले होते. आता त्याच घरात आपली जागा नेमकी कोणती, हे त्यांना समजेना आणि मलाही ती कशी करून द्यावी ते कळेना. वर्षानुवर्षे ज्यांचा दिवस पहाटेच्या फॉलइनपासून रात्रीच्या हजेरीपर्यंत दुसऱ्या कोणीतरी आखून दिला, त्यांना रिकामी सकाळ अंगावर येते. याला आजार म्हणता येणार नाही, पण त्याकडे कोणी लक्षच दिले नाही तर त्यातून आजार उद्भवू शकतो.

कागदपत्रांचे सांगायचे तर, एका कार्यालयात सेवापुस्तिकेतील माझे नाव आणि बँकेतील नाव यांत एका अक्षराचा फरक निघाला आणि संपूर्ण अर्ज परत आला. पतींनी ती फाईल कपाटात ठेवली आणि पुढे आठ महिने तिला हात लावला नाही. मी विचारले की एकच उत्तर मिळे: "आपल्यापेक्षा जास्त गरज असलेले पुष्कळ आहेत." हे वाक्य मी नंतर इतर घरांतूनही इतक्या वेळा ऐकले आहे की आता तेच मला मदतीची गरज असल्याची पहिली खूण वाटते.

इतर देशांचा अनुभव येथे उपयोगी पडेल. अमेरिकेने 1944 मध्ये, दुसरे महायुद्ध संपण्याआधीच, परतणाऱ्या सैनिकांच्या शिक्षणाचा, घरकर्जाचा आणि बेकारभत्त्याचा कायदा केला. लाखो सैनिक बेकारभत्त्यावर बसून राहतील अशी तेव्हा धास्ती होती. प्रत्यक्षात त्यासाठी राखलेल्या रकमेचा पाचवा हिस्साही खर्च झाला नाही आणि सुमारे 78 लाख जणांनी शिक्षण किंवा प्रशिक्षण घेतले. मात्र त्याच कायद्याचा लाभ देताना कृष्णवर्णीय सैनिकांना, विशेषतः घरकर्जाच्या बाबतीत, मोठ्या प्रमाणावर डावलले गेले. कायदा सर्वांसाठी आणि खिडकी काहींसाठीच, असे तेथेही घडले.

मनावरच्या आघाताची गोष्ट याहून उशिराची आहे. पहिल्या महायुद्धात त्याला 'शेल शॉक' म्हटले गेले, पण आघातोत्तर ताणविकार म्हणून अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत नियमावलीत त्याला जागा मिळाली ती 1980 मध्ये. त्याच्या एक वर्ष आधी तेथे व्हिएतनाममधून परतलेल्यांसाठी समुपदेशन केंद्रे सुरू झाली होती. ती मोठ्या रुग्णालयांत न ठेवता नेहमीच्या वस्त्यांमध्ये उघडली गेली आणि तेथे बसणाऱ्यांत अनेक जण स्वतः माजी सैनिक होते. मला या व्यवस्थेतला शहाणपणा फार मोलाचा वाटतो. रुग्णालयाची पायरी चढताना जो संकोचतो, तो आपल्यासारख्याच माणसाशी गप्पा मारायला मात्र जातो.

ऑस्ट्रेलियाने तर सैनिक आणि माजी सैनिकांच्या आत्महत्यांच्या चौकशीसाठी 2021 मध्ये शाही आयोग नेमला. सप्टेंबर 2024 मध्ये त्याच्या अंतिम अहवालात 122 शिफारशी आल्या आणि सैनिकांना नागरी जीवनात स्थिरावण्यास मदत करणारी स्वतंत्र यंत्रणा उभारावी, असेही त्यात सांगितले गेले. आयोगाच्या आधीच्या अंतरिम अहवालाने भरपाईच्या रखडलेल्या अर्जांच्या ढिगाऱ्यावर बोट ठेवले होते. प्रलंबित अर्ज ही केवळ कार्यालयीन गैरसोय नसते. तो ज्याचा असतो त्याला रोज सकाळी आपली सेवा कोणी मोजलीच नाही असे वाटत राहते. ज्यांना वैद्यकीय कारणाने, मनाविरुद्ध सेवा सोडावी लागते, त्यांच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे, कारण त्यांना तयारीला वेळच मिळालेला नसतो.

म्हणून तयारी सेवेच्या शेवटच्या आठवड्यात न उरकता किमान वर्षभर आधी सुरू व्हावी आणि त्या बैठकांना पत्नीला किंवा पतीलाही रीतसर बोलवावे. नोकरीसाठीच्या मार्गदर्शनात सैनिकाचे काम नागरी भाषेत मांडायला शिकवले जावे. शंभर माणसांचे भांडार वर्षानुवर्षे एकही वस्तू न हरवता सांभाळणारा हवालदार अर्जात केवळ 'सैन्यातील नोकरी' एवढेच लिहितो आणि मुलाखत घेणाऱ्याच्या डोळ्यांसमोर फक्त बंदूक येते. सतत शाळा बदललेल्या मुलांना आणि पती गमावलेल्या स्त्रियांना वेगळा आधार लागतो, तोही या व्यवस्थेचाच भाग असावा.

माझी मुख्य मागणी मात्र अगदी लहान आहे. सेवेत असताना प्रत्येक सैनिकाच्या कागदपत्रांत जवळच्या नातेवाइकाचे नाव आणि संपर्क नोंदवलेला असतो. तो कशासाठी असतो हे आम्हा सर्व पत्नींना ठाऊक असते आणि अवेळी फोन वाजला की काळजात धस्स होते ते त्यामुळेच. निवृत्तीनंतर तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात त्याच क्रमांकावर एखाद्या माजी सैनिकाने फोन करावा आणि घरात कसे चालले आहे एवढे विचारावे. आमच्या घरी तसा फोन आला असता तर तो मी उचलला असता, आणि कपाटातल्या फाईलबद्दल मीच सांगितले असते.

आपली विश्वासू,
एका माजी सैनिकाची पत्नी