मंत्रिमहोदय, ही गाडी एकदा तपासून तरी बघा

प्रति,
माननीय केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री,
नवी दिल्ली

महोदय, सप्रेम नमस्कार.

बडोद्याला मकरपुरा जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत माझं लहानसं वर्कशॉप आहे. तिथे पाच महिन्यांपासून एक तयार गाडी ताडपत्रीखाली उभी आहे. १९४०च्या दशकातली फोर्ड प्रिफेक्ट. एका गृहस्थांना तिचा हॉट रॉड करून हवा होता, म्हणजे टप खाली आणून आणि मोठं इंजिन बसवून बदललेली जुनी गाडी.

टप तीन इंच खाली आणायलाच आठ आठवडे गेले. टप ज्यांवर उभा असतो ते पिलर वर जाताना आत कलतात. मधला तुकडा कापला की वरचा भाग खालच्यावर बसतच नाही. मग टपाचा पत्रा चिरून, मधे पट्ट्या भरून तो वाढवावा लागतो. समोरची काच टफन्ड घेतली तर कापताना चुरा होतो, म्हणून लॅमिनेटेड आणली. दोन काचा कोपऱ्यात तडकल्या, तिसरी बसली. रंग गिऱ्हाइकानं दोनदा बदलला. त्याचं काही नाही, हौस त्यांची.

मूळ गाडीचे ब्रेक लोखंडी रॉडनी ओढले जाणारे. आजच्या हायवेवर ते पुरणार नाहीत, शिवाय इंजिनही मोठं बसवलं. म्हणून आम्ही हायड्रॉलिक ब्रेक घातले, पुढे डिस्क. गाडी आता जागच्या जागी थांबते.

पण पासिंग होत नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: कंपनीच्या मूळ तपशिलाशी आर.सी. (नोंदणीपत्र) जुळणार नाही असा बदल चालत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९मध्ये हेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आली. २०२१च्या व्हिंटेज नियमांत ५० वर्षांवरची गाडी बसते, पण मूळ रूपातलीच. म्हणजे रॉडच्या ब्रेकची प्रिफेक्ट नोंदता येते, आमची नाही.

काम घेताना पासिंग अवघड आहे हे मी सांगितलं होतं. तरी अर्ज करायला कुठेतरी एखादी खिडकी असेल, असं मलाही वाटत होतं. ती नव्हतीच. शेवटी एक एजंट म्हणाला, "काका, आर.सी. जुनीच राहू द्या. बोनेट उघडून कोण बघतंय?" मी नाही म्हटलं. उद्या अपघात झाला तर विमा मिळणार नाही, आणि ज्याला लागेल त्याला मी काय तोंड दाखवू? गृहस्थ नाराज झाले. माझे उरलेले पैसे थांबले.

कायद्याला वाटणारी भीती मला पटते. जीपच्या चॅसीला कच्चा जोड मारून रंगाखाली लपवलेला मी स्वतः उघडून पाहिलाय. म्हणूनच म्हणतो, तपासा! ब्रिटनमध्ये २००९पासून अशी एकेक गाडी तपासून मंजुरी देतात. ब्रेक, स्टिअरिंग, दिवे, आवाज, धूर, सगळं बघतात आणि मगच नंबर मिळतो. आपल्याकडे पुण्याची एआरएआय ही वाहन-तपासणी संस्था कंपन्यांची मॉडेलं तपासतेच. तिथे एकट्या गाडीलाही अर्ज करता यावा. फी हवी तेवढी लावा, नियम कडक करा.

सयाजीराव महाराजांनी १८९०मध्ये याच शहरात कलाभवन काढलं, हातात हुनर असलेल्यांना शिकवण्यासाठी. माझ्याकडचा वेल्डर तीच परंपरा चालवतो, असं मी मानतो. त्याचं काम लपवून रस्त्यावर आणायची पाळी त्याच्यावर येऊ नये.

गाडी मकरपुऱ्यातच आहे. तपासनीस पाठवा. चॅसीचे जोड, ब्रेकच्या नळ्या, सगळं उघडून ठेवतो. नापास झाली तर मी स्वतः कटर चालवीन.

आपला नम्र,
एक गॅरेजवाला, बडोदा