बकरीवाल्यांच्या ट्रेनिंगमध्ये आधी माळ दाखवा, शेड नंतर

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी साक्री तालुक्यातला, माळमाथ्यावरचा शेतकरी. पाच एकर कोरडवाहू, त्यात कपाशी अन बाजरी, आणि सोबत 31 बकऱ्या. बकऱ्या आमच्या घरात आजोबांपासून आहेत, कपाशीनं दगा दिला त्या सगळ्या वर्षी घर बकऱ्यांनीच चालवलंय, म्हणून हे पत्र जरा मोठं होणार, सांभाळून घ्या.

मागे आमच्याकडे शेळीपालनाचं तीन दिवसांचं ट्रेनिंग झालं. हॉलमध्ये बसवलं, पडद्यावर फोटो दाखवले, शेड किती फुटाचं, पत्रा कोणता, गव्हाण किती उंच, मग प्रस्ताव कसा करायचा आणि बँकेत काय काय कागद लागतात. राष्ट्रीय पशुधन अभियानात 100 बकऱ्या अन 5 बोकड घेतले तर 10 लाखांपर्यंत सबसिडी, 500 बकऱ्या अन 25 बोकड असतील तर 50 लाखांपर्यंत, हे पण नीट समजावून सांगितलं. माहिती खरी होती, शिकवणारे पण मनापासून शिकवत होते, त्यांना मी नावं ठेवत नाही. पण त्या हॉलमध्ये जे बसले होते त्यातल्या बहुतेकांकडे 10 ते 40 बकऱ्या, त्या माळावर चरतात, नाल्याकाठी चरतात, कपाशीची उलंगवाडी झाली, म्हणजे शेवटची वेचणी संपली की पऱ्हाटीत चरतात. चराईवर तीन दिवसांत एक तास सुद्धा ठेवलेला नव्हता, आणि बोकड विकायचा कसा यावर तर काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी मी उभं राहून विचारलं, साहेब, गवत किती खाली गेलं की बकऱ्या तिथून हलवायच्या? तरुण डॉक्टर होते, चांगला माणूस, त्यांनी चहाच्या वेळेला मला बाजूला घेऊन सांगितलं की दादा, आम्ही हे पुस्तकात वाचलंय पण आम्हालाच कधी कोणी माळावर उभं करून दाखवलं नाही. मला त्या माणसाचा रागच आला नाही, उलट तेव्हाच डोक्यात बसलं की आधी सल्ला देणाऱ्यांना शिकवायला पाहिजे, आणि आमच्यासोबतच, एकाच माळावर उभं करून.

हे काही मी मनानं काढलेलं नाही. अमेरिकेत गवतावर वाढवलेल्या गाईबैलांच्या मांसाचा मोठा धंदा आहे, ग्रास-फेड म्हणतात त्याला. तिथं 1988 पासून सेअर नावाचा सरकारी पैशावर चालणारा कार्यक्रम आहे, त्यात शेतकऱ्यांना सल्ला देणाऱ्या लोकांच्या ट्रेनिंगसाठी वेगळा निधी असतो. जनावर गवतावर कसं वाढवायचं आणि ते मांस गिऱ्हाईकापर्यंत कसं न्यायचं, हे दोन्ही धडे तिथं बरोबरीनं शिकवतात. आपल्याकडे गोवंश हत्याबंदी आहे, 1976 च्या कायद्यात 2015 ला दुरुस्ती होऊन बैल पण त्यात आला, तेव्हा गाईबैलांचा इथं प्रश्नच नाही आणि मला तो काढायचा पण नाही. पण बकरी अन मेंढीला हीच पद्धत लागू पडते की! 2019 च्या पशुगणनेत आपल्या राज्यात एक कोटीच्या वर बकऱ्या मोजल्या गेल्या, आणि आपल्या खान्देशात तरी त्यातल्या बहुतेक चरूनच जगतात.

आता चराईचं ज्ञान म्हणजे काय ते एका गोष्टीवरून सांगतो. चार वर्षांपूर्वी भाद्रपदात माझ्या चार पाठी, म्हणजे तरण्या बकऱ्या, गेल्या. खायच्या, फिरायच्या, पण रोज बारीक होत गेल्या, मग जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबायला लागली आणि संपल्या. मी दुकानातून जंताचं औषध आणून सगळ्या कळपाला पाजलं, परत पंधरा दिवसांनी पाजलं, फरक नाही. शेवटी आमच्या गावातल्या एका रिटायर पशुधन पर्यवेक्षक आबांनी येऊन बकरीचं तोंड धरलं, अंगठ्यानं खालची पापणी उलटी केली अन म्हणाले बघ. आतून पांढरी फटक, कागदासारखी. शेजारच्या बकरीची बघितली तर लालचुटूक. पोटातला जंत रक्त पितो म्हणून पापणी पांढरी पडते, लाल ते पांढरी अशा पाच रंगांचा तक्ता साऊथ आफ्रिकेत यासाठीच बनवलेला आहे, आणि ज्या फिक्या दिसतील त्यांनाच औषध द्यायचं. सरसकट सगळ्यांना पाजत राहिलं तर जंतच औषधाला दाद देईनासा होतो, जे माझ्याकडे झालं होतं.

आणि हा जंत येतो कुठून, तर चराईतूनच. लेंडीतून अंडी पडतात, पावसाळ्यात आठवड्याभरात त्यातून अळ्या तयार होऊन ओल्या गवताच्या बुडाशी दोन-तीन इंचावर बसतात, बकरीनं बुडापर्यंत ओरबाडलं की परत पोटात. म्हणून गवत चार बोटं शिल्लक असतानाच कळप हलवायचा, एका तुकड्यावर चार-पाच दिवसांच्या वर ठेवायचा नाही आणि निदान महिनाभर तरी परत तिथं न्यायचा नाही. बोर, बाभूळ, शेवरी असा वरचा पाला जास्त खाल्ला तर जंत कमी लागतो कारण अळ्या तेवढ्या वर चढत नाहीत. मी माळाचे दगड लावून सात तुकडे केले, खर्च शून्य, आणि त्यानंतर भाद्रपदात एकही पाठ गेली नाही. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस आणि वेळच्या वेळी पीपीआरची (बकऱ्यांच्या प्लेगची) लस हे तर आहेच, ते दवाखान्यात सांगतात. पण दगड लावायचं मला कोणत्याच ट्रेनिंगमध्ये सांगितलं नव्हतं.

गवताला विसावा दिला तर काय होतं हे बघायला तर लांब जायची पण गरज नाही. धुळे तालुक्यात लामकानीला डॉ. धनंजय नेवाडकर आणि गावकऱ्यांनी उघड्या पडलेल्या डोंगरावर चराईबंदी, कुऱ्हाडबंदी केली, पाणी अडवलं, आणि गवत परत आलं. आमच्या साक्री तालुक्यातल्या बारीपाड्यानं जंगल राखलं, त्यात पुढं असलेल्या चैत्राम पवारांना 2025 ला पद्मश्री मिळाली. माझं मत असंय की बंदी ही सुरुवात आहे, पुढची पायरी म्हणजे आलेलं गवत पाळीनं चारणं, नाहीतर एका गावानं बंद केलं की कळप शेजारच्या गावाच्या माळावर जातो अन भांडणं होतात. आणि हे पाळीनं चारायचं शिकवायला आपले ठेलारी मेंढपाळ भाऊ आहेत ना! पावसाळा सरला की मेंढ्या घेऊन बाहेर पडतात, कोणत्या गवताला मेंढी कधी तोंड लावते, कोवळ्या ज्वारीत घातलं तर किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते, कपाशीवर फवारा कधी मारला हे विचारल्याशिवाय वावरात शिरायचं नाही, हे त्यांना तोंडपाठ. शेवटच्या वेचणीनंतर कपाशीत बकऱ्या-मेंढ्या चारा म्हणजे उरलेल्या बोंडातली गुलाबी बोंडअळी कमी होते असं कृषी विद्यापीठवाले पण सांगतात, शिवाय वावरात मेंढ्या बसवल्या की लेंडीखत मिळतं ते वेगळंच. मग ट्रेनिंगला या लोकांना मास्तर म्हणून बोलवा आणि मानधन द्या, खाली सतरंजीवर बसवून सही घेऊ नका.

आता विक्री. इथं आम्ही सगळ्यात जास्त मार खातो. बाजारात हेडी, म्हणजे जनावरांचा व्यापारी, रुमालाखाली हात धरतो, बोटं दाबतो, पाठीवर अन मांडीवर हात फिरवतो आणि भाव ठरतो. मागच्या आखाडात मी तीन बोकड उक्ते 24,000 ला दिले. वजन करू म्हटलं तर हेडी म्हणाला, "भाऊ, आम्हले हातवरच समजस, काटा कसाले?" आणि गाडीत चढवताना त्यानंच स्वतःच्या काट्यावर लटकवले, मी उभा होतो, तिन्हीचे मिळून 83 किलो भरले. म्हणजे मला 289 रुपये किलो पडला. त्याच महिन्यात माझ्या मेव्हण्यानं धुळ्याच्या गिऱ्हाईकाला 400 रुपये किलोनं जिवंत वजनावर दिले होते. नऊ हजार दोनशे रुपये त्या एका सकाळी माझ्या हातून गेले, मुलीची वर्षाची फी होती ती.

काटा नसेल तरी साधी टेप चालते, हे पण नंतरच कळलं. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर इंचात घ्यायचा, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या हाडापर्यंत लांबी घ्यायची, घेर गुणिले घेर गुणिले लांबी, आणि भागिले 660, साधारण किलो निघतात. घेर 26 अन लांबी 24 असेल तर साडेचोवीस किलोच्या आसपास. दहावी नापास पोरगा पण मोबाईलवर करू शकतो. जिवंत वजनाच्या निम्म्याच्या आत-बाहेर मटण पडतं हे माहीत असलं की खाटकाशी बोलताना पण आपण आंधळे राहत नाही.

आणि गिऱ्हाईक तयार आहे हो, धुळ्यात, जळगावात, सुरतेला गेलेल्या आपल्या लोकांमध्ये, सगळ्यांना माळावर चरलेलं गावरान मटण पाहिजे. पण शब्दावर कोण विश्वास ठेवणार? अमेरिकेच्या कृषी खात्यानं सुद्धा 2007 ला ग्रास-फेडची व्याख्या केली होती ती 2016 ला मागं घेतली. म्हणून वही पाहिजे, कोणता बोकड कधी जन्मला, कुठं चरला, खुराक दिला का, औषध कोणत्या तारखेला दिलं आणि त्यानंतर किती दिवस थांबून विकला. अशी वही ठेवणारे दहा जण एक झाले आणि आखाडाच्या आधी 40 बोकड वजन करून एकदम दाखवले तर हेडी बांधावर येईल, किंवा लायसन असलेला मटणवाला सरळ बोलणी करेल. हा हिशोब पशुसखींना, म्हणजे जनावरांची माहिती देणाऱ्या गावातल्याच बायांना शिकवा, त्या घरोघर जातात, आणि बकऱ्या खरं तर आमच्याकडे बायाच सांभाळतात, पण हॉलमध्ये त्या दिवशी चारच बाया होत्या.

आपल्याकडे जागा अन माणसं काय कमी आहेत? धुळ्याला कृषी महाविद्यालय आहे, खान्देशातल्या तिन्ही जिल्ह्यांत कृषी विज्ञान केंद्रं आहेत, चाळीसगावजवळ बिलाखेडला मेंढी-शेळी महामंडळाचं प्रक्षेत्र आहे. माझी मागणी एवढीच की पुढचं ट्रेनिंग लावाल तेव्हा तालुक्यातले डॉक्टर, पर्यवेक्षक, कृषी सहायक, पशुसखी आणि आम्ही बकरीवाले एकत्र घ्या, एक दिवस हॉल आणि बाकीचे दिवस माळ, आणि एकदाच घेऊन सोडू नका, पावसाळ्यात, दिवाळीनंतर अन उन्हाळ्यात असं तीनदा त्याच लोकांना बोलवा, कारण माळ तिन्ही वेळेला वेगळा असतो.

जागेची अडचण असेल तर माझा माळ घ्या. सात तुकडे पाडलेले आहेत, निंबाची सावली आहे, विहिरीला पाणी आहे, 100 किलोचा काटा मी घेऊन ठेवलाय. पोळ्याच्या सुमाराला गवत गुडघ्याला असतं, तेव्हा या, पापण्या बघायला 31 बकऱ्या उभ्या करतो.

आपला,
एक बकरीवाला शेतकरी,
ता. साक्री, जि. धुळे