काठावरचा चिखल तेवढा ठेवा

संपादक साहेब, नमस्कार.

आमच्या गावाखाली मार्कंडेय नदी वळते तिथं एक पाणथळ जागा आहे, कितीतरी वर्षं नुसती बेशरम, जलपर्णी आणि प्लास्टिक, गुरंसुद्धा तिकडं जायची नाहीत. मागच्या दोन उन्हाळ्यात पोरांनी वर्गणी काढून, जेसीबी लावून ती मोकळी केली. पक्षी बघायचे म्हणून गाडी काढून घटप्रभा अभयारण्यापर्यंत, म्हणजे पार गोकाककडं जाणारा मी, आता चहा पिऊन चालतच जातोय. हळदीकुंकू बदकं आली, शेकाटे आले, थंडीत धोबी शेपटी हलवत फिरायलेत. आणि मुग्धबलाक! चोच मिटली तरी मधे फट राहते त्याची, पहिल्यांदा बघितला तेव्हा मला वाटलं बिचाऱ्याची चोच मोडलीय की काय, पण तो त्याच चोचीनं गोगलगायी खातोय मजेत.

आता मात्र तिथं सुशोभीकरण करणार म्हणे. तळ खोल करायचा, काठाला दगडी पिचिंग, वर पेव्हर ब्लॉक, लाईटी, जमलं तर बोटिंग पण. हेतू चांगला असेल हो, पण शेकाट्या बदकासारखा पोहत चरत नाही, वीतभर पाण्यात लांब लाल पायांवर उभा राहून किडे टिपतो, तुतवार तर त्याहून काठाला, ओल्या चिखलात. हळदीकुंकू बदक शेपटी वर करून डोकं बुडवतं तेही उथळ पाण्यातच. टिटवी घरटंच बांधत नाही, उघड्या जमिनीवर खड्यांत अंडी घालते (चार अंडी म्हणजे चार महिने पाऊस, असं आमची आजी म्हणायची), ती काय पेव्हर ब्लॉकवर घालणार? सरळ उभा काठ बांधला की यातलं एकही पाखरू थांबणार नाही, मग बोटीत बसून बघायचं काय.

आणि 2019 च्या ऑगस्टचा पूर बेळगावकर विसरलेत का, नदीला पसरायला जागा नको का कुठंतरी?

माझी एवढीच मागणी आहे, एका बाजूला वॉकिंग ट्रॅक करा, बाकी तीन बाजूंचा उतरता काठ आहे तसा ठेवा, लाईटी नकोत, आणि काम टिटवीची अंडी असतात त्या उन्हाळ्यात काढू नका. जमलं तर तुमच्या वार्ताहरांना एकदा सकाळी साडेसहाला पाठवा, चप्पल तेवढी जुनी घालून या म्हणावं.

आपला,
एक वाचक, बेळगाव तालुका