अलाइनमेंटच्या आधी चाक हलवून बघा

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पत्रांच्या सदरात एका गृहस्थांनी लिहिलं होतं की पंधरा वर्षांवरच्या गाड्या सरसकट भंगारात घाला, त्या रस्त्यावर डुलत चालतात आणि दुसऱ्याच्या जिवाशी खेळ होतो. डुलत चालतात हे खरंय. माझी स्वतःची १९८७ ची प्रीमियर पद्मिनी गेल्या पावसाळ्यापर्यंत अशीच डुलायची. पण ती वयानं डुलत नव्हती, एका झिजलेल्या बुशामुळे, म्हणजे सांध्यातल्या नळीसारख्या कड्यामुळे, डुलत होती, आणि ते बुश शोधायला मला एक वर्ष आणि दोन टायर लागले, म्हणून हे पत्र. लांबलंय, कात्री लावावी वाटली तर लावा, फक्त चाक हलवायचा भाग तेवढा ठेवा.

गाडी वडिलांनी नंबर लावून घेतलेली, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर असलेली, पोरांना आता ते दाखवलं की हसतात. आग्रा रोडच्या उड्डाणपुलावर साठच्या पुढे गेलं की गाडी एकदा डावीकडे एकदा उजवीकडे, आणि मी आपला स्टिअरिंग सतत थोडं थोडं सावरतोय, दही घुसळल्यासारखं. पुढचे टायर आतल्या कडेनं खाल्ले गेले. म्हणून अलाइनमेंट केली, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घेतले. आठ दिवस बरी, पुन्हा तेच. वर्षात तीनदा केली, तीन वेगळ्या ठिकाणी, आणि तिन्ही ठिकाणी पोरानं चाकाला ती यंत्रं लावली, स्क्रीनवर हिरवं आलं की पैसे घेतले, पण गाडी उचलून चाक हातानं हलवून एकानंही बघितलं नाही. आता तुम्हीच सांगा, जो सांधाच ढिला आहे त्याचं माप घेऊन उपयोग काय, रस्त्यावरच्या पहिल्या खड्ड्यात ते माप बदलणार.

मग एका गॅरेजवाल्यानं सांगितलं काका तुमचा स्टिअरिंग बॉक्सच गेलाय, अकरा हजार धरा, आणि तोपर्यंत म्हणून बॉक्सच्या डोक्यावरचा ॲडजस्टिंग स्क्रू आवळून दिला. प्ले, म्हणजे चाक न वळता स्टिअरिंग जेवढं मोकळं हलतं ते, एकदम गायब, मी खूश. रविवारी सप्तशृंगीला निघालो. नांदुरीवरून गडाचा घाट चढताना पहिल्याच मोठ्या वळणावर कळलं की वळण संपलं तरी स्टिअरिंग मागे यायला तयार नाही, दोन्ही हातांनी ओढून सरळ करावं लागतंय. आमची ही शेजारी बसलेली, म्हणाली अहो कुणाशी झटापट चाललीय तुमची. उतरताना सगळा घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो आणि घरी येईपर्यंत तिनं आणि मी दोघांनी एक शब्द काढला नाही.

ते असं का झालं ते नंतर कळलं. पद्मिनीचा बॉक्स म्हणजे वर्म, आटे असलेला दांडा, आणि त्या आट्यांत चालणारा रोलर. गाडी आयुष्यातला बहुतेक वेळ सरळच चालते, त्यामुळे वर्म मधोमध जास्त झिजतो आणि कडेला कमी. मधला प्ले घालवायला स्क्रू आवळला की मधे छान बसतं पण वळवल्यावर न झिजलेल्या भागात रोलर अडकतो. बरं माझा प्ले मुळात बॉक्समध्ये फारसा नव्हताच, म्हणजे नसलेल्या दुखण्याला औषध, आणि वर घाटात जीव टांगणीला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्क्रू मी होता तिथे आणला आणि ठरवलं की आता स्वतः बघायचं. मी सातपूरला टूलरूममध्ये तीसेक वर्षं काढलीयेत, रिटायर झालोय, पाने घरात आहेत, वेळ भरपूर आहे. बघायची रीत सोपी आहे आणि ती कुठल्याही जुन्या गाडीला चालते, अगदी ॲम्बॅसॅडरला सुद्धा, फक्त तिचं स्टिअरिंग रॅक अँड पिनियनचं, म्हणजे दातेरी पट्टी आणि चक्राचं, असल्यानं खाली सांधे वेगळे दिसतील.

गाडी चाकांवर उभी ठेवायची, इंजिन बंद. एका माणसानं स्टिअरिंग हलकंच इकडे तिकडे हलवायचं, वळवायचं नाही, फक्त प्ले जेवढा आहे तेवढंच. दुसऱ्यानं खाली वाकून प्रत्येक सांध्यावर बोटं ठेवायची. जिथे एक बाजू हलते आणि दुसरी उशिरा हलते तो सांधा गेला. डोळ्याला नाही दिसलं तरी बोटाला टक टक लागतं. आमच्याकडे स्टिअरिंगवर ही आणि खाली मी, आणि दुसऱ्याच मिनिटाला सापडलं. बॉक्स असतो ड्रायव्हरच्या बाजूला, त्यानं हलणारा दांडा म्हणजे ड्रॉप आर्म, आणि गाडीच्या दुसऱ्या बाजूला चॅसीवर नुसता आधार द्यायला आयडलर आर्म, दोघांमधे मधला रॉड आणि तिथून दोन्ही चाकांना एकेक टाय रॉड. तो आयडलर आर्म त्याच्या बुशात चक्क वरखाली होत होता. आर्म वरखाली झाला की मधला रॉड वाकडा होतो, रॉड वाकडा झाला की चाकाचा टो, म्हणजे चाक आत किंवा बाहेर वळलेलं असण्याचं माप, बदलतो, म्हणजे प्रत्येक खड्ड्यागणिक चाक स्वतःच्या मनानं वळतंय. सध्या सिंहस्थाच्या कामांसाठी जिकडे तिकडे खोदलंय, तेव्हा खड्ड्यांना तोटा नाही. शिवाय डाव्या टाय रॉडचे दोन्ही एंड, म्हणजे टोकाचे बॉल जॉइंट, ढिले, रबरी टोप्या फाटलेल्या, आत ग्रीसच्या जागी वाळू.

मग पुढची बाजू जॅकवर उचलून, खाली स्टँड लावून, चाक धरून हलवायचं. तीन आणि नऊ वाजताच्या जागी धरून हललं तर टाय रॉडकडे बघा. बारा आणि सहाला धरून हललं तर बेअरिंग किंवा किंगपिन, म्हणजे ज्या उभ्या पिनेवर चाक वळतं ती. त्यातलं कुठलं ते कळायला दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा, ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर बेअरिंग, तरीही हललं तर किंगपिन. आणि हो, स्टँड म्हणजे लोखंडी स्टँड. आमच्या कॉलनीत एकजण विटांवर गाडी ठेवून खाली शिरतो, त्याला मी चारदा सांगितलंय, वीट सांगून फुटत नाही.

आता इथे कायद्याचं एक सांगतो कारण त्या गृहस्थांनी कायदा काढला होता. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला ९८ वा नियम स्टिअरिंगचाच आहे. स्टिअरिंगचा प्ले ३० अंशांपेक्षा जास्त नसावा, बॉल जॉइंटवर रबरी टोप्या असाव्यात आणि जिथे बोल्ट किंवा पिना आहेत तिथे त्या पक्क्या लॉक केलेल्या असाव्यात. हा नियम नव्या जुन्या सगळ्या गाड्यांना एकच. ३० अंश म्हणजे घड्याळात बारावरून एकवर, पद्मिनीच्या मोठ्या स्टिअरिंगवर साधारण दहा सेंटीमीटर होतात, माझ्या मते हे सुद्धा फार झालं, मला तर दोन बोटांच्या वर प्ले गेला की चैन पडत नाही. पण निदान तेवढं तरी कोण बघतं. तपासणीत बघतात ते लाइट लागतो का, हॉर्न वाजतो का. माझ्या फाटलेल्या टोप्या कितीजणांच्या नजरेखालून गेल्या असतील देव जाणे, त्यात माझी स्वतःची नजर पण आलीच. वाकून बघितलंच नव्हतं ना.

बाकी काम सांगतो, ज्यांना घरी करायचंय त्यांच्यासाठी. टाय रॉड एंडची पिन निमुळती असते आणि ती आर्मच्या भोकात इतकी घट्ट बसते की नट काढला तरी हलत नाही. लोक मग पिनेच्या टोकावर हातोडी घालतात आणि आटे चेपून बसतात. तसं करू नका. स्प्लिट पिन काढा, नट पूर्ण न काढता दोनतीन आट्यांवर राहू द्या, आणि आर्मच्या ज्या डोळ्यात पिन आहे त्या डोळ्याच्या बाजूला एक जड हातोडी टेकवून समोरून दुसरीनं ठोका. धक्क्यानं पिन सुटते. माझी उजवी दोन ठोक्यांत सुटली, डावीला आदल्या रात्री तेल सोडून ठेवलं होतं तरी अर्धा तास खाल्ला. शेजारचा पोरगा म्हणाला काका गॅसनं तापवू का. म्हटलं बाबा लांब जा. स्टिअरिंगच्या आर्मला पाणी पाजलेलं असतं, तो लाल होईस्तोवर तापवला की त्याची ताकद गेली, आणि ते बाहेरून दिसत पण नाही.

एंड काढायच्या आधी किती आटे आत आहेत ते मोजून लिहून ठेवा. एका टोकाला सुलटे आटे असतात आणि दुसऱ्या टोकाला उलटे, म्हणून तर मधली नळी फिरवली की रॉड लांब आखूड होतो. मी उजवीकडचे मोजले आणि डावीकडचे मोजायला विसरलो, तीस वर्षं मायक्रोमीटर हातात धरलेला माणूस. मग जुना रॉड आणि नवीन एंड शेजारी फरशीवर ठेवून मध्यापासून मध्यापर्यंत माप जुळवत बसलो. नट आवळल्यावर स्प्लिट पिनचं भोक जुळलं नाही तर नट थोडा पुढे आवळा, मागे ढिला कधीच करायचा नाही. पिन दरवेळी नवीन. नळीच्या क्लिपा आवळायला विसरू नका.

त्यानंतर घरीच टायरला खडूची रेघ मारून पुढचं आणि मागचं अंतर मोजलं, पुढे दोन मिलिमीटर कमी ठेवलं, आणि हळूहळू अलाइनमेंटला नेली. चौथ्यांदा. पण यावेळी गाडी तिथे टिकली, सहा महिने झाले, गडावर दोनदा जाऊन आलो, एका हातात चालते. एका हातात चालवू नये ते वेगळं.

खर्च म्हणाल तर आयडलरचं बुश, चार एंड आणि ग्रीस धरून अडीच हजाराच्या आत. वीस वर्षांवरच्या कारच्या रजिस्ट्रेशनच्या नूतनीकरणाची फी २०२५ पासून १०,००० झालीय, त्याबद्दल माझी तक्रार नाही, जुनं जपायचं तर मोजावे लागतात. आणि पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या मूळ रूपातल्या गाड्यांना २०२१ च्या नियमानं व्हिंटेजचा वेगळा मान आहे, माझी त्यात बसायला अजून अवकाश आहे, तोपर्यंत ती नुसतीच म्हातारी.

अडचण सुट्या भागांची आहे. मुंबईत पद्मिनीच्या टॅक्सी होत्या तोवर कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जाऊन हवं ते मिळायचं. शेवटची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली आणि माल पण आटला. आता टाय रॉड एंडचा डबा नवा चकचकीत असतो पण आतला बॉल हातानं फिरवला तर सुपारीसारखा खुळखुळतो. दुकानात डबा उघडून बघा, पिन हातानं फिरवा, ती जड फिरली पाहिजे. सहज फिरली तर परत द्या, दुकानदार रागावला तरी. मी सहा आणले होते, त्यातले दोन परत दिले.

त्या गृहस्थांना एवढंच विचारायचंय की तुमच्या पाच वर्षांच्या गाडीची टाय रॉडची टोपी तुम्ही शेवटची कधी बघितलीत. आणि अलाइनमेंटवाल्यांना विनंती, यंत्र लावायच्या आधी चाक दोन्ही बाजूंनी हलवून बघा, ढिलं लागलं तर आधी ते सांगा, गिऱ्हाईक आठ दिवसांनी भांडायला येणार नाही.

माझं एक काम राहिलंय. किंगपिनमध्ये थोडा प्ले आहे, अजून चालण्यासारखा, पण दिवाळीनंतर करायचाच आहे. नवीन बुश दाबून बसवल्यावर त्याला रीमर, म्हणजे भोक मापाला कातणारं हत्यार, मारून पिनेच्या मापाला आणावं लागतं, दोन्ही बुश एका रेषेत, आणि ते घरी होत नाही, माझ्याकडे तेवढा लांब रीमर नाही. पूर्वी हे करणारे हात होते, आता विचारलं तर सगळे म्हणतात असेंब्लीच बदला. नाशकात, सातपूर अंबड कुठेही, किंगपिनच्या बुशाला हातानं रीमर मारून देणारा कारागीर वाचकांपैकी कुणाला माहीत असेल तर याच सदरात कळवावं.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक पद्मिनीवाला
इंदिरानगर, नाशिक