वेचणीच्या दिवसांतले प्रवचन

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बदलत्या काळात ख्रिस्ती प्रवचन परिणामकारक कसे व्हावे, ही चर्चा आमच्या खेड्यांतील मंडळ्यांत बहुधा साउंड सिस्टीम, पडदा आणि यूट्यूब यांपाशी येऊन थांबते. तरुण मुले मोबाइलवर मोठ्या शहरांतले आणि परदेशातले उपदेश ऐकतात, त्यामुळे गावच्या उपासनेत त्यांचे मन रमत नाही, ही पाळकांची तक्रार खोटी नाही; मात्र आवाज वाढवून ती मिटेल असे मला वाटत नाही.

आमच्या पाळकांकडे पाच गावे आहेत. ते येऊ शकत नाहीत त्या रविवारी मी, एक निवृत्त शिक्षक, वचन सांगायला उभा राहतो. गेल्या नाताळाआधी, कापसाची वेचणी जोरात असताना, मी मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २०व्या अध्यायातील, येशूने सांगितलेला द्राक्षमळ्याच्या मजुरांचा दाखला घेतला होता. मळ्याचा धनी पहाटे, मग तिसऱ्या, सहाव्या, नवव्या आणि अखेर अकराव्या ताशी, म्हणजे संध्याकाळी पाचच्या सुमारास, मजूर आणतो आणि संध्याकाळी सर्वांच्या हातावर सारखीच, पूर्ण दिवसाची मजुरी ठेवतो. मोबाइलवर ऐकलेल्या एका इंग्रजी प्रवचनाच्या आधाराने मी ‘कृपा’, म्हणजे न कमावता मिळणारे देवाचे देणे, या शब्दावर पाऊण तास बोललो आणि विमानतळावरच्या रांगेचे उदाहरणही दिले. (विमानात मी स्वतः कधी बसलेलो नाही.) नंतर चहाच्या वेळी वेचणीला जाणाऱ्या एक बाई म्हणाल्या, “गुरुजी, आमाले तं किलोनं मजुरी भेटते. पाच वाजता आलेलीले बी तेवढेच पैसे देल्ले, तं दुसऱ्या दिवशी सकाळी कोन येईन?”

तो दाखला मूळ श्रोत्यांना जिथे बोचला असेल, नेमक्या तिथेच या बाईंचे बोट गेले होते. दिवसभर वाकून वेचलेला कापूस संध्याकाळी काट्यावर चढतो आणि किलोमागे हिशेब होतो, हे ज्यांना रोज अनुभवावे लागते त्यांना धन्याचा तो व्यवहार अन्यायच वाटणार; आणि तो अन्याय वाटल्याशिवाय कृपा म्हणजे काय हे कळत नाही. त्याच अध्यायात ‘आम्हांला कोणी कामावर लावले नाही’ असे सांगणारे मजूर आहेत. तसे लोक आमच्या तालुक्याच्या चौकात सकाळी डबा घेऊन उभे असतात, आणि मी विमानतळ शोधत होतो.

लोकांच्या चालीरीतींतून सुवार्ता सांगणे मराठीला नवे नाही. गोव्यातले इंग्रज धर्मगुरू फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये ‘ख्रिस्तपुराण’ ओवीत छापले. बाप्तिस्म्यापूर्वी काही काळ नागपुरात राहिलेले आणि १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेले रेव्हरंड ना. वा. टिळक यांनी अभंग आणि कीर्तन मंडळीत आणले. आपल्या वऱ्हाडाचे गाडगेबाबा तर कीर्तनात समोरच्या माणसाला प्रश्न विचारत आणि उत्तर त्याच्याच तोंडून काढून घेत. त्यांचा धर्मविचार वेगळा, हे मला ठाऊक आहे. पण ऐकणाऱ्याला बोलते करण्याची ती रीत आमच्या वेदीपाशी का येऊ नये, याचे पटण्याजोगे कारण मला अद्याप कोणी दिलेले नाही.

प्रश्न विचारू दिले तर उपासनेचे गांभीर्य जाईल, असे काही वडीलधाऱ्यांचे म्हणणे आहे. त्यांची काळजी समजण्यासारखी आहे, कारण गंमत आणि टाळ्यांसाठी वचन पातळ करणारे प्रवचनही मी पाहिले आहे. परंतु कर्ज, दारू, मुलीच्या लग्नाचा खर्च आणि पुण्याच्या कारखान्यात गेलेला मुलगा यांचा पवित्र शास्त्राशी संबंध कोणी विचारला, तर त्यात वचनाचा अवमान कसा होतो? ‘ब्रेकथ्रू’ आणि ‘सीझन’ हे इंग्रजी प्रवचनांतले शब्द मात्र वेदीवरून बिनधास्त ऐकू येतात.

त्या बाईंना मी त्या दिवशी नीट उत्तर देऊ शकलो नाही. पाळकसाहेबांशी बोलून येत्या रविवारी तोच अध्याय पुन्हा वाचायचे ठरवले आहे. वाचन झाल्यावर पहिली पंधरा मिनिटे वेचणीला जाणाऱ्या बायाच बोलतील.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
ता. दर्यापूर, जि. अमरावती