काका, आमची नोकरी वाचवलीत आणि नोकरीची वर्षंही

आदरणीय काका,
सविनय नमस्कार.

घरी आभार मानायला आलो तेव्हा तुम्ही चहा पाजून विषयच बदललात. म्हणून हे उघड पत्र. लंडनमध्ये सफाई, कँटीन, सिक्युरिटीत राबणाऱ्या आपल्या आणखी चौघांच्या नजरेस पडलं तर बरंच.

आमच्या ऑफिसच्या इमारतीचं सफाईचं कंत्राट बदललं, तेव्हा जुनी कंपनी म्हणाली, "आता तुमचा-आमचा संबंध संपला." नवी म्हणाली, "आमची माणसं ठरली आहेत, हवं तर नव्याने अर्ज करा." माझा भाऊ चाकणला ठेकेदाराकडे आहे. तिथे ठेकेदार बदलला की गेट तेच, मशीन तेच, पण माणूस पुन्हा पहिल्या दिवसावर. इथेही तेच होणार म्हणून आम्ही सगळ्या हवालदिल झालो होतो.

तुम्ही धीराचे चार शब्द बोलण्याआधी ड्यूटीचा तक्ता मागितलात. लाल पेनाने एकेका नावाखाली रेघ मारत विचारत गेलात, "ही दुसऱ्या कुठल्या इमारतीत जाते का?" कुणीच जात नव्हतं. मग म्हणालात, "झालं तर. तुम्ही याच कामासाठी बांधलेली टोळी आहात." ब्रिटनमध्ये 2006 पासून लागू असलेला ट्यूपी (TUPE) कायदा, म्हणजे काम दुसऱ्या कंपनीकडे गेलं तरी नोकरी जपणारा, मला त्या दिवशी कळला. काम देणारा तोच, काम मुळात तेच, आणि मुख्यतः त्याच कामासाठी नेमलेला गट असेल, तर कंत्राटाबरोबर माणसंही आपोआप नव्या कंपनीकडे जातात. पगार, तास, रजा, जुनी सेवा, सगळं सोबत. अर्ज नाही, मुलाखत नाही. बाळंतपणाच्या रजेवर असलेली आमची मैत्रीणसुद्धा त्यात धरली जाते, हे ऐकून तिला रडूच फुटलं.

नवी कंपनी "आम्हाला तुमची माहितीच नव्हती" म्हणाली, तेव्हा तुम्ही शांतपणे सांगितलंत की ती माहिती जुन्या कंपनीने किमान 28 दिवस आधी द्यायची असते. ती दिली नाही हा त्या दोघांमधला हिशेब, त्याची झळ कामगाराला का?

सगळ्यात मोलाची गोष्ट तुम्ही निघताना दारात सांगितलीत. रागाच्या भरात आमच्यातली एक "मला त्या कंपनीत जायचंच नाही" असं लिहून देणार होती. तशी लेखी हरकत घेतली की नोकरी तिथेच संपते, आणि त्याला कामावरून काढणं असंही धरत नाहीत. तुम्ही तिचा कागद बाजूला ठेवायला लावलात आणि त्याऐवजी दोन्ही कंपन्यांना चार ओळी लिहून दिल्यात: आम्ही नेहमीच्या वेळेला कामावर हजर राहू. तशा राहिलोही.

नव्या कंपनीच्या कागदावर रुजू झाल्याची तारीख कंत्राट बदललं त्या दिवसाची होती. पगार बरोबर होता म्हणून आम्ही खूश होतो. तुम्ही त्या तारखेवर बोट ठेवलंत. उद्या नोकरकपात झाली तर भरपाई सेवेच्या वर्षांवर मोजतात. एवढी वर्षं घासलेल्या फरशा त्या एका तारखेने पुसल्या गेल्या असत्या. ती दुरुस्त होऊन आली.

तुम्ही गोडगोड बोलला नाहीत, हे मला फार भावलं. जुन्या कंपनीची पेन्शन योजना जशीच्या तशी पुढे येत नाही, आणि खरोखरच आर्थिक किंवा कामाच्या रचनेचं कारण असेल तर पुढे माणसं कमी होऊ शकतात, हेही स्पष्ट सांगितलंत. त्यामुळेच बाकीच्या शब्दांवर विश्वास बसला. आयुष्यभर युनियनचं काम केलेल्या माणसाने निवृत्तीनंतरही आमच्यासाठी संध्याकाळ काढावी, फोनवर पुन्हा पुन्हा तेच समजावून सांगावं, याचे उपकार कसे फेडायचे?

आता आमच्याच इमारतीतल्या कँटीनचं कंत्राट बदलतंय. तिथल्या दोघी घाबरल्या आहेत. येत्या रविवारी संध्याकाळी त्यांना घेऊन येऊ का? ड्यूटीचा तक्ता, नेमणुकीचं पत्र आणि पगाराच्या पावत्या सोबत घ्यायला सांगितलंय, आणि तोवर कशावरही सही करू नका म्हणूनही.

काकूंना नमस्कार.

तुमची,
रात्रपाळीतली एक, सगळ्या जणींच्या वतीने